अभिमान पुरे, आता तपासणीचे बोला

जन्मांध मुलांनी मेंदूचे कोडे उलगडले, अशी बातमी आली की आपण ती अभिमानाने पुढे पाठवतो. माझा आक्षेप त्या बातमीला नाही, तिथेच थांबणाऱ्या अभिमानाला आहे.

ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६३ मध्ये दाखवले, की मांजरीच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे मिटलेला ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्याला जवळजवळ दाद देत नाही. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यातून 'ठरावीक वयानंतर दार बंद' हे पाठ्यपुस्तकी सूत्र रूढ झाले. आठ-दहा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करून काय उपयोग, हा प्रश्न त्याच सूत्राच्या आधाराने विचारला जातो.

या सूत्राचे उत्तर आम्हा नोएडाकरांपासून यमुनेपलीकडे, दर्यागंजच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयात मिळाले. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. ज्यांची पुन्हा चाचणी झाली, त्यांना काही दिवसांतच ती ओळखता येऊ लागली. मॉलिन्यूचा १६८८ मधील प्रश्न २०११ मध्ये असा सुटला. म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही. पण किंमत मोजावी लागते: या मुलांच्या नजरेची तीक्ष्णता सहसा कमीच राहते. २०२४ च्या अभ्यासात तर रंग काढून घेतलेली चित्रे ओळखताना ती बरीच मागे पडली. नवजात बाळाला रंग फिके दिसतात. त्या फिकेपणातच मेंदू उजेड-अंधारावरून आकार ओळखायला शिकत असावा. ही पहिली शिकवणीच त्यांना मिळाली नाही.

ती का मिळाली नाही? याचे उत्तर मेंदूविज्ञानात नाही. जन्मजात मोतीबिंदू ओळखण्याची पहिली चाचणी शाळकरी प्रकाशशास्त्राएवढी सोपी आहे. नेत्रदर्शकाचा प्रकाश बाळाच्या डोळ्यात टाकायचा. भिंग स्वच्छ असेल तर दृष्टिपटलावरून तांबूस झाक परत येते, गढूळ असेल तर येत नाही. एक मिनिटही लागत नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहेच. यादीत असणे आणि प्रत्येक प्रसूतिगृहात पाहिले जाणे, यांतल्या अंतरात मुलांची वर्षे जातात.

उशिरा आलेल्या मुलाला 'वय उलटले' म्हणून परत पाठवू नका, आणि कोणत्याही मुलाला उशीर होऊ देऊ नका. या दोन मागण्यांत विरोध नाही. पुढची बातमी पाठवण्याआधी आपल्या तालुक्याच्या प्रसूतिगृहात एवढेच विचारा: बाळाच्या डोळ्यांत कुणी प्रकाश टाकून पाहिला का?