चाचणी म्हणजे निवाडा नव्हे

गर्भवतीच्या रक्तचाचणीतून डाऊन सिंड्रोमची केवळ शक्यता कळते. निदान पक्के होते ते गर्भजल वा वारेच्या तपासणीनेच. हा भेद न समजावता अहवाल हाती ठेवणे हा मातेवर अन्याय होय. तंत्राला विवेक नसतो, तो समाजाने पुरवायचा असतो. गर्भजलपरीक्षेआडून कन्याभ्रूण खुडले जाऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गर्भव्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास संमती देऊ शकते. अशा दांपत्याला कोणी दूषणे देऊ नयेत. परंतु समाजाच्या भयाने तो निर्णय होत असेल, तर दोष आपला. आपल्या शाळेत, शाखेत, उत्सवात त्या मुलाला स्थान आहे काय?