तोतोरोच्या खिडकीवर तिकीट मिळत नाही

तोक्यो महानगरातील मिताका येथे २००१ साली गिब्ली संग्रहालय सुरू झाले. हायाओ मियाझाकी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या दारात तिकीटखिडकी आहे. काचेआड भलामोठा तोतोरो बसलेला असतो. तिकीट मात्र तिथे मिळत नाही. पुढील महिन्याची तिकिटे दर महिन्याच्या १० तारखेला, जपानमधील सकाळच्या दहा वाजता (आपल्याकडे तेव्हा साडेसहा), विक्रीस निघतात. दिवस आणि प्रवेशाची वेळ तेव्हाच ठरते. प्रौढांसाठी दर अवघा १००० येन. महाग आहे ती जागा.

मुलांच्या स्वैर भटकंतीवर इतके प्रेम करणाऱ्या कलावंताच्या दारी असा कडक नियम असावा, यात अनेकांना विसंगती जाणवते. मला ती जाणवत नाही. आत पाहण्याचा ठरावीक क्रम नाही, छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. जिने आणि लहानमोठी दालने यांतून माणसाने हरवावे, अशीच रचना आहे. गर्दीत कुणी हरवत नाही, केवळ ढकलला जातो. आतला मोकळेपणा बाहेरच्या त्या नियमावरच उभा आहे.

तरीही मुलाचा हात धरून सहज दारापर्यंत आलेला पाहुणा तोतोरोला पाहून परततो, हे मला सलते. भटकंतीचा खरा वारस तोच नव्हे काय? त्याच्यासाठी रोज मोजकी तिकिटे दारात ठेवावीत, असे वाटते. पण मग पहाटेपासून रांग लागेल, आणि रांगेत उभे राहणारा पुन्हा नियोजन करणाराच असेल.

आत आरक्षणाच्या बदल्यात जुन्या चित्रफितीचा तुकडा हाती येतो. त्यावर कोणते दृश्य असेल, ते आधी ठरवता येत नाही.