विश्लेषण : इंटरनेट कंपनी बदलताना सेवा खंडित का होते?

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंटरनेट जोडणीच्या बाबतीत ग्राहकाला ती आपोआप मिळत नाही. घरात याचा फारसा फरक पडत नाही. पण रुग्णालय, सहकारी बँक किंवा महाविद्यालयाने कंपनी बदलली, तर कामकाज ठप्प होऊ शकते. असे का होते, ते टाळता येते का?

अडचण नेमकी कुठे?

इंटरनेटवरील संगणकांना आयपी पत्ता लागतो. हा पत्ता बहुतेक वेळा सेवा देणाऱ्या कंपनीला मिळालेला असतो. ग्राहक जणू भाडेकरू. कंपनी सोडली की पत्ताही सुटतो. घरगुती ग्राहक बाहेरच्या सेवांकडे जातो, त्यामुळे त्याला नवा पत्ता चालतो. संस्थेकडे मात्र बाहेरून लोक येतात : संकेतस्थळावर, ईमेलवर, शाखांमधून व्हीपीएनवर. शिवाय अनेक बँकिंग आणि सरकारी यंत्रणा आधी नोंदवलेल्या पत्त्यांनाच प्रवेश देतात. पत्ता बदलला की ही सारी दारे बंद होतात.

छोट्या संस्थांसाठी उपाय काय?

जुनी जोडणी तोडण्याआधी नवी सुरू करून दोन्ही काही दिवस सोबत चालवणे. संकेतस्थळाचे नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे, हे डीएनएस सांगते. हे उत्तर इतर संगणक ठरावीक मुदतीपर्यंत साठवून ठेवतात. ही मुदत २४ तासांची असेल, तर किमान एक दिवस आधी ती पाच मिनिटांवर आणावी लागते. नवा पत्ता संबंधित यंत्रणांकडेही आधीच नोंदवावा लागतो. आणखी एक पथ्य म्हणजे, जुन्या जोडणीवरून आलेल्या मागणीचे उत्तर जुन्याच जोडणीवरून गेले पाहिजे. ते नव्या वाटेने गेले, तर परका पत्ता म्हणून नवी कंपनी ते अडवू शकते.

स्वतःचा पत्ता घेता येतो?

येतो. भारतात ‘निक्सी’ या संस्थेअंतर्गत ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी यंत्रणा पत्ते आणि स्वायत्त नेटवर्कचा क्रमांक देते. मग ‘बीजीपी’ या प्रणालीद्वारे संस्था ‘या पत्त्यांकडे येण्याची वाट ही’ असे जगाला कळवते. मात्र आयपीव्ही-४ पत्त्यांचा २५६ पेक्षा लहान गट बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत. शुल्क, योग्य राउटर आणि जाणकार माणूसही लागतो.

मग कंपनी कशी बदलतात?

आधी नव्या कंपनीमार्फतही वाट जाहीर होते. जुनी वाट मुद्दाम लांबची दाखवली जाते, त्यामुळे वाहतूक हळूहळू नव्या वाटेकडे वळते. ती स्थिरावल्यावर जुनी घोषणा मागे घेतली जाते. पत्ता तोच राहतो. बहुतेक वापरकर्त्यांना बदल जाणवतही नाही.

चूक झाली तर?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीच्या कामात चुकीची आज्ञा गेली आणि अंतर्गत जाळे तुटले. पाठोपाठ कंपनीच्या डीएनएस यंत्रणेकडे नेणाऱ्या वाटांची घोषणा मागे घेतली गेली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद राहिले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीच्या नेटवर्कमध्ये बदल करताना मार्गांवरील एक चाळणी काढली गेली. तातडीचे दूरध्वनी आणि डेबिट कार्डांचे व्यवहारही कोलमडले. म्हणून असे बदल रात्री, टप्प्याटप्प्याने आणि मागे फिरण्याची तयारी ठेवूनच करतात.

ग्राहकाने काय विचारावे?

दोन जोडण्यांचे काही दिवसांचे दुहेरी भाडे अनेकांना वायफळ वाटते. पण बंद पडलेल्या कामकाजापुढे ते किरकोळ ठरते. निविदा काढताना वेग आणि दर विचारले जातात. पत्ता कोणाचा राहील, हे सहसा विचारले जात नाही. पत्ता कंपनीचा असेल, तर सेवा कितीही खराब झाली तरी संस्था ती सोडायला कचरते आणि दरांची घासाघीस करण्याची ताकदही कंपनीकडेच राहते.