गिरगावचा तळमजला

गिरगावात सध्या दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, टॉवर आले आणि गिरगाव संपलं. दुसरा म्हणतो, टॉवर आले म्हणून गिरगाव तगलं. पाडव्याच्या शोभायात्रेत, सोसायटीच्या सभेत, ठाकूरद्वारच्या नाक्यावर हा वाद रोज झडतो आणि दोन्हीकडचे लोक बोलताना मान वर करतात. चाळीस मजले की पन्नास, ऊन कुणाचं अडणार, समुद्र कुणाला दिसणार. मी मात्र गिरगावात चालताना खाली बघतो. खड्डे हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण सांगण्यासाठी हा लेख.

टॉवरविरोधकांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते गोड आहे. चाळ म्हणजे सहजीवन, गॅलरीतल्या गप्पा, शेजारच्या घरची वाटीभर आमटी. टॉवर म्हणजे बंद दारं. असं म्हणणारे बहुतेक जण आता डोंबिवलीला नाहीतर बोरिवलीला राहतात. हा टोमणा समजू नका, पुरावा समजा. ही मंडळी टॉवरमुळे गेलेली नाहीत. १९८१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, जवळपास ३३ लाख माणसं होती. १९९१ मध्ये ती ३२ लाखांच्या आत आली. वाड्यांतून टॉवर उठायला तेव्हा अजून अवकाश होता. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात म्हणून धाकट्यानं विरारची गाडी पकडली, इतकी साधी ती गोष्ट आहे. मजल्याच्या टोकाला असलेल्या संडासासमोर सकाळी बादली घेऊन ज्यांनी रांग लावली, त्यांना कुणी सहजीवनाचे धडे देऊ नयेत.

आणि चाळी टिकणार तरी कशा होत्या? १९४७ च्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळात भाडेकरूला तो मोठा आधार होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिना पन्नास-साठ रुपये भाड्यात कुठलाही मालक तुळई बदलत नाही. तो जिन्याखाली टेकू लावतो. १९६९ च्या कायद्यानं उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं, मंडळानं टेकूला टेकू दिला. गिरगावात असे टेकू आहेत की त्यांच्याभोवती पोरं वाढली, त्यांना पोरं झाली, टेकू जागेवर. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी इथून हाकेच्या अंतरावर, भेंडीबाजारात, हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. चाळीच्या आठवणी काढणाऱ्यांनी त्या सकाळचीही आठवण काढावी. जुन्या इमारती पाडून तिथं नवी, उंच, आत नळ आणि संडास असलेली घरं झाली पाहिजेत, हे माझं स्वच्छ मत आहे.

तरी त्या आठवणी खोट्या नाहीत. त्यांचा पत्ता चुकला आहे. जे हरवलं म्हणून लोक हळहळतात ते गॅलरीत कमी आणि तळमजल्यावर जास्त होतं.

आमच्या वाडीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिला लागून शिंपी, मग पूजेच्या सामानाचं दुकान, कोपऱ्यावर वाणी. वर चार मजले बिऱ्हाडं. आई नोकरीला, त्यामुळे आमची किल्ली वाण्याकडे. त्याच्या गल्ल्यामागे खिळे ठोकलेली एक फळी होती, तिच्यावर अकरा-बारा किल्ल्या लटकत. आमच्या किल्लीला लाल रिबीन, मास्तरांच्या किल्लीला मोडक्या पट्टीचा तुकडा. शाळेतून आलेलं पोर दारात दिसलं की विचारपूस न करता बरोबर किल्ली पुढे येई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस दूध न्यायला उतरल्या नाहीत, तर तो पोऱ्याला वर पाठवी. याला समाजकार्य म्हणण्याचं कारण नाही. त्याचं गिऱ्हाईक वर राहत होतं आणि वरच्यांचं घर त्याच्या नजरेखाली होतं, एवढंच.

गिरगाव उभं राहिलं ते असं. खाली दुकान, वर घर. मधे छापखाना, खाणावळ, शिकवणी. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लागला तो इथल्या कोरोनेशनमध्ये, ‘आलम आरा’ १९३१ मध्ये लागला तो मॅजेस्टिकमध्ये. बिऱ्हाडांच्या गर्दीतच सिनेमा, गर्दीतच देऊळ, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती.

आता दुसरा पक्ष. त्याच्या जाहिरातीत ‘मिक्स्ड यूज’ हे शब्द सोनेरी अक्षरांत असतात. राहा, कमवा, मौज करा, सगळं एका आवारात. जणू शोधच लागला! आमच्या वाण्याला हे कुणी समजावून सांगितलं असतं, तर त्यानं शांतपणे उधारीची वही पुढे सरकवली असती.

शोध जुना, हे सोडून देऊ. पण जाहिरातीतलं प्रत्यक्षात तरी आहे का? एका नव्या टॉवरसमोरून (नाव घेत नाही, वस्तीत अजून राहायचं आहे) मी पावलं मोजत गेलो. एकशे चार पावलं. त्यात गाड्या चढायचा रॅम्प, आत जायचं फाटक, बाहेर यायचं फाटक, विजेच्या मीटरची खोली आणि उरलेली सगळी ग्रॅनाइट लावलेली भिंत. भिंतीच्या वर सात मजले पोडियम, जाळीआड गाड्या. माणसं राहतात त्याच्याही वर. जुन्या दुकानदारांना गाळे दिले आहेत, खोटं कशाला बोला. पण मागच्या अंगाला, अर्धा जिना चढून. सहापैकी चार शटरं बंद, एकात सिमेंटच्या गोणी. गिरणीवाला परत आलाच नाही. क्षेत्रफळ मात्र प्रत्येकाला इंचाइंचानं बरोबर मिळालं आहे.

मेख तिथेच आहे. नियम दुकानदाराला जुन्या जागेइतकं क्षेत्रफळ देतो. रस्त्याकडचं तोंड मिळेलच असं नाही. गिरगावात दुकानाची पागडी पिढ्यान्‌पिढ्या तोंडावर ठरत आली. ज्या गाळ्याला जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर लागत नाही, तो गाळा म्हणजे गोदाम.

बिल्डरला खलनायक ठरवून मी मोकळा होणार नाही. मोठ्या घरासाठी दोन-दोन गाड्यांची जागा नियमच मागतो, आणि नियमात बसणारं पार्किंग चटईक्षेत्रात धरलं जात नाही. मग तो सात मजले गाड्यांना का देणार नाही? त्यानं वरचं घर आणखी वर जातं, समुद्र आणखी दिसतो, दर आणखी चढतो. पण आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावच्या पोटातून धावते आहे. तिच्यासाठी इथला रस्ता वर्षानुवर्षं खणलेला होता, इमारती पाडल्या गेल्या, कुटुंबं हलली. इतकं सोसून आलेल्या स्थानकाच्या डोक्यावर आपण सात मजली वाहनतळ चढवतो. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर पार्किंगची सक्ती निम्म्यावर आणा आणि सुटलेला तळमजला दुकानांना द्या. एवढ्या एका बदलानं जे होईल, ते दहा सुशोभीकरणांनी होणार नाही.

तिसरा आक्षेप घरचाच आहे. नव्या इमारतीतले जुने शेजारी म्हणतात, खाली दुकानं नकोतच. उंदीर होतात, वास येतो, परकी माणसं आवारात शिरतात, आगीची भीती. आगीची भीती रास्त आहे. घरांचा आणि दुकानांचा जिना वेगळा हवा, खाली सिलिंडरचा साठा नको, यात तडजोड नाही. पण डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, ती आग गच्चीवरच्या हॉटेलांत लागली होती. तिथं कुणी वाणी नव्हता. परक्या माणसांचं म्हणाल, तर रात्री दहापर्यंत उघडं असलेलं औषधांचं दुकान जितकं लक्ष ठेवतं, तितकं ओटीपी मागणारा रखवालदार ठेवत नाही. त्याची नोकरी दर सहा महिन्यांनी बदलते.

उलट याच शेजाऱ्यांचं खरं दुखणं दुकानांनीच बरं होईल. साठ रुपये भाडं भरणाऱ्याला टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, रखवालदार यांचा महिन्याचा खर्च हजारांत येतो. तो झेपत नाही म्हणून फुकट मिळालेलं घर विकून माणसं निघून जातात आणि मग आपण ‘मराठी माणूस गिरगावातून हद्दपार’ म्हणून परिसंवाद भरवतो. रस्त्याकडे तोंड असलेले दोन-तीन गाळे संस्थेच्या नावावर राहिले, तर त्यांच्या भाड्यातून हा खर्च बराचसा निघेल. कराराच्या वेळी हे मागता येतं. कॉर्पसच्या रकमेसाठी आपण रात्र रात्र भांडतो, या गाळ्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही.

पुढच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या वाडीत संमतीपत्रं फिरतील. बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडून अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावरून दिसणारा सूर्यास्त दाखवील. तो पाहा, सुंदर असतो. मग त्याला सांगा, आता तळमजल्याचा नकाशा उघड. रस्त्याकडे किती दुकानांची तोंडं आहेत ती स्वतःच्या बोटानं मोजा आणि ती संख्या करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.