विश्लेषण : वस्तीतल्या तळ्यावर स्केटिंग; बर्फाची जबाबदारी शहराने घ्यावी का?

कॅनडाची राजधानी ओटावातील रिडो कालव्यावर १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट तयार होते. २०२२-२३ मध्ये मात्र ती प्रथमच एकही दिवस खुली झाली नाही. बर्फ पुरेसा जाड झालाच नाही. केंद्राची संस्था आणि तज्ज्ञ दिमतीला असताना ही गत. मग वस्तीतल्या तळ्याचा भार नगरपालिकेने उचलावा का?

देखभाल म्हणजे काय?

फक्त फावडे मारणे नव्हे. बर्फावर साचलेले भुसभुशीत हिम गोधडीसारखे काम करते, त्यामुळे खालचा बर्फ लवकर जाड होत नाही. म्हणून हिम हटवायलाच हवे. पण हटवणारे यंत्र चढवायला बर्फ आधीच जाड हवा! कॅनडाच्या रेड क्रॉसचा निकष एकट्याला १५, तर घोळक्याला २० सेंटीमीटरचा, तोही स्वच्छ, निळसर बर्फाचा. पांढरा बर्फ साधारण निम्माच मजबूत असतो.

पावसाचे पाणी साठवणारी तळी अधिक फसवी. रस्त्यावरचे मीठ त्यांत वाहून येते, पाण्याची पातळी वरखाली होते आणि घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली पोकळी राहू शकते.

मग बंदीच का नको?

पाटी लावणे सोपे, पण पाटी वाचून मुले थांबत नाहीत. तळे खुले ठेवायचे तर ठिकठिकाणी भोके पाडून जाडी नियमित मोजणारी माणसे हवीत. तेवढी तयारी नसेल, तर शेजारच्या मैदानावर पाणी सोडून ते गोठवणे शहाणपणाचे. तिथे बुडण्याची भीती नाही आणि पाण्याचा पातळ थर तळ्याच्या आधी गोठतो. आखडत चाललेल्या हिवाळ्यात हे चार दिवसही थोडके नाहीत.