वखारीतील साठा आणि बारकोड-यंत्र

वखारीत माल किती आहे, हे सांगण्यासाठी पूर्वी गोदामपालास साठावही उघडावी लागे. आता हातात मावणारे बारकोड-यंत्र वेष्टनावरील रेघांसमोर धरले की नोंद आपोआप होते. आपल्या सोसायटीने हे यंत्र घ्यावे काय? घ्यावे, असे आमचे मत आहे. मात्र त्याच्याकडून काय होते व काय होत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे.

काळ्या रेघा प्रकाश शोषून घेतात, मधल्या पांढऱ्या जागा तो परत पाठवितात. त्यावरून यंत्र १३ आकड्यांची संख्या वाचते. शेवटचा आकडा केवळ पडताळ्याचा असतो. आधीच्या बारांशी त्याचा मेळ बसला नाही, तर यंत्र नोंदच घेत नाही. हाताने लिहिताना १ चा ९ होतो, तो धोका येथे टळतो. (आरंभीच्या ८९० वरून माल भारतात तयार झाला, असे पुष्कळांस वाटते. ती संख्या भारतातील संस्थेने दिली, एवढाच त्याचा अर्थ होय.)

खरी मेख पुढेच आहे. एका वाणाच्या, एकाच वजनाच्या सर्व पिशव्यांवर ही संख्या एकच असते. लॉट कोणता, मुदत कधी संपते, हे त्या रेघा सांगत नाहीत. समजा, वखारीत सोयाबीनच्या ४० पिशव्या आहेत व त्यांतील १२ गेल्या हंगामातील आहेत. यंत्र ४० म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पेरणीच्या घाईत त्या बारांपैकी एखादी कोणाच्या तरी शेतात जाईल. सोयाबीनचे साल पातळ, उगवणशक्ती लवकर घटते. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण हवी आणि त्याची पहिली मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊच महिने असते. दुबार पेरणीचा खर्च यंत्र भरून देत नाही.

यास्तव माल उतरवून घेतानाच प्रत्येक लॉटला स्वतंत्र चिठ्ठी चिकटवावी. चौकोनी क्यूआर खुणेत लॉट क्रमांक व मुदत दोन्ही मावतात. केवळ रेघा वाचणारी लेसरची यंत्रे ही खूण वाचीत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. ज्या लॉटची मुदत आधी संपते, तो आधी विकावा.

यंत्र आले म्हणून मोजणी थांबवू नये. उंदरांनी फोडलेल्या पोत्यावरही रेघा शाबूत असतात! मार्चअखेरीस सारी वखार एकदाच मोजण्यापेक्षा दर आठवड्यास एक थप्पी मोजणे बरे. आकडा जुळला नाही, तर गोदामपालाने तो एकट्याने दुरुस्त करू नये. सचिवांचीही सही घ्यावी.

शेतकरी बंधूंनी बिलावर लॉट क्रमांक आला आहे की नाही, हे पाहून घ्यावे. बियाणे उगवले नाही, तर तक्रारीच्या वेळी बिल, पिशवी व तिच्यावरील लेबल यांचा आधार असतो. नुसते ‘सोयाबीन, एक पिशवी’ एवढेच लिहिलेले बिल तेव्हा फारसे उपयोगी पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एकदा वखारीत जावे, कोणतीही एक थप्पी निवडावी आणि पडद्यावरील संख्या, लॉट व मुदत प्रत्यक्ष पिशव्यांशी ताडून पाहावी.