कावसजीचे नाक आणि तृतीयपंथीयांचा चेहरा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

तृतीयपंथी लोकांना चेहऱ्याची शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेतून मिळावी काय, यावर परवा आमच्या चावडीत वाद झाला. बहुतेकांचे मत पडले, "हे नटण्यामुरडण्याचे चोचले, गरिबाच्या पैशाने कशाला?" त्या वेळी आम्ही गप्प बसलो. पुढे मनाला टोचणी लागली, म्हणून हे लिहितो.

प्रथम एक जुनी हकीकत ऐका. 1792 सालच्या लढाईत इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा एक मराठा कुणबी बैल हाकीत असे. टिपूच्या लोकांनी त्याला धरून त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. 1794 साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली, आणि 1814 साली तेथील सर्जन कार्प्यू यांनी तीच रीत उचलली. नाक नसतानाही कावसजी श्वास घेतच होता, भाकरी खातच होता. मग नाक कशाला हवे होते? चारचौघांत मान वर करून उभे राहण्याकरिता! याला चोचले कोण म्हणेल?

तृतीयपंथीयांची गोष्ट याहून फार निराळी नाही. जी मनाने स्त्री पण पुरुषाच्या देहात वाढली, तिचे हाड वयात येताना बदलते. भुवयांवरचे हाड पुढे येते, जबडा रुंदावतो, गळ्यावर कंठमणी दिसू लागतो. पुढे औषधाने कातडी मऊ होते, पण घडलेले हाड मागे फिरत नाही. ते शस्त्रक्रियेनेच कमी करावे लागते.

आमच्या हाताखाली शिकलेली अशी एक मुलगी नेटके लुगडे नेसून परगावी खुरपणीला गेली. दुपारपर्यंत तिची पात सर्वांच्या पुढे होती. भाकरी खाताना कोणी तिचा जबडा न्याहाळला, हशा पिकला, आणि मजुरी न देताच तिला बांधावरून घालवून दिले. आज ती स्टेशनावर हात पसरते. दोष चेहऱ्याचा नव्हे, हसणाऱ्यांचा, हे आम्ही जाणतो. पण लोकांची नजर सुधारेपर्यंत तिने काय खावे?

1871 साली ज्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, त्याच कायद्याने या लोकांचीही नोंदवही ठेविली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे हक्क मान्य केले. 2019 च्या कायद्यात लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन व लेझर उपचार यांचा खर्च विम्यातून द्यावा असे लिहिले गेले. 2022 साली आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार देण्याचा करार झाला. परंतु कायद्याच्या त्या कलमात चेहऱ्याच्या हाडाचे नाव आले नाही. आणि कागदावर ज्याचे नाव नाही ते गरिबाच्या पदरात पडत नाही, हा तुमचा-आमचा रोजचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, गावच्या दवाखान्यात सर्पदंशाचे औषध नाही, बाळंतिणीला गाडी नाही. आधी ते पाहा. प्रश्न खोटा नाही. औषध मागू, गाडीही भांडून मागू. पण एका गरिबाच्या ताटातले काढल्याशिवाय दुसऱ्याला वाढता येत नाही असे जो सांगतो, तो गरिबांना आपसात झुंजवितो. तेल-साबण घेताना ती मुलगीही कर भरते.

आमची मागणी एवढीच. गरज डॉक्टरांनी तपासून ठरवावी, केवळ हौसेला जागा देऊ नये, ज्याला नको त्याच्यावर लादू नये. पण ज्याला गरज आहे त्याच्याकरिता योजनेत चेहऱ्याचे नाव स्पष्ट लिहावे.

एका कारागिराने एका कुणब्याला त्याचे तोंड परत दिले. त्यांच्याच वंशातल्या आपण दुसऱ्याच्या तोंडाला चोचले म्हणू नये.

— एक खेडूत शिक्षक